स्पॅनिशकडे मराठीच्या वाटेनं: क्रियापदं, फसवे शब्द आणि जागा बदलणारी सर्वनामं

स्पॅनिश शिकायला लागून महिना-दीड महिना झाला की जवळपास प्रत्येकाची गाडी एकाच ठिकाणी अडते. 'मे लो दा' म्हणजे 'तो मला ते देतो'. 'दामेलो' म्हणजे 'मला ते दे'. आणि 'नो मे लो देस' म्हणजे 'मला ते देऊ नकोस'. तिन्ही वाक्यांत सामान तेच: 'मे' म्हणजे मला, 'लो' म्हणजे ते, आणि देण्याचं क्रियापद. तरीही ही दोन इवलीशी सर्वनामं कधी क्रियापदाच्या आधी बसतात, कधी त्याला मागून चिकटतात, आणि नकार आला की पुन्हा उठून आधी जाऊन बसतात. मोबाइलवरचं ॲप लाल खूण दाखवतं आणि पुढे जातं. का चुकलं, ते कळत नाही.

माझं ठाम मत असं आहे की हा गोंधळ स्पॅनिशमुळे कमी होतो आणि आपण तिच्याकडे ज्या वाटेनं जातो त्या वाटेमुळे जास्त. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, आणि मनातल्या मनात होणारं भाषांतरही इंग्रजी. आता 'मे लो दा' शब्दाला शब्द ठेवून मराठीत म्हणून पाहा: 'मला ते देतो'. क्रमसुद्धा तोच! इंग्रजीत हाच क्रम पूर्ण उलटा होतो. आपण आधी मराठी क्रम उलटा करून इंग्रजीत नेतो, मग तो पुन्हा उलटा करून स्पॅनिशमध्ये आणतो, आणि दमतो.

स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या ६ अधिकृत भाषांपैकी एक. ती शिकणाऱ्यांसाठी जगात सगळ्यात जास्त साहित्य इंग्रजीतून आहे, ते वापरायला काहीच हरकत नाही. पण मन मात्र मराठीत ठेवायचं. ते कसं, हे इथे सांगतो.

उच्चारांबद्दल थोडक्यात. स्पॅनिशमध्ये 'एच' हे अक्षर मुकं असतं, 'बी' आणि 'व्ही' या दोन्ही अक्षरांचा उच्चार 'ब'कडे झुकतो. ज्याला आपण 'झेड' म्हणतो त्याचा उच्चार लॅटिन अमेरिकेत 'स' आणि स्पेनच्या बऱ्याच भागात दातांत जीभ धरून केलेल्या 'थ'सारखा होतो. मी इथे 'स' लिहिला आहे. त, द, प, क हे मराठीतल्यासारखेच, साधे आणि श्वास न सोडता म्हणायचे. 'तू' हा शब्द तर उच्चारासकट आणि अर्थासकट तोच आहे.

क्रियापदाच्या शेवटी माणूस बसलेला असतो

फोनवर आपण 'निघालास का?' एवढंच विचारतो. 'तू' म्हणावं लागत नाही, कारण तो 'स' मध्ये आला. व्याकरणात क्रियापदाच्या मूळ रूपाला धातू म्हणतात आणि त्याला लागणाऱ्या शेपटीला प्रत्यय. या लेखाला एवढी परिभाषा पुरे.

स्पॅनिशमध्ये 'आब्लार' म्हणजे बोलणे. आब्लो, मी बोलतो. आब्लास, तू बोलतोस. आब्ला, तो बोलतो किंवा ती बोलते. आब्लामोस, आम्ही बोलतो. आब्लान, ते बोलतात. शाळेत संस्कृत शिकलेल्यांनी इथे जरा थांबावं. वदसि, वदामः, वदन्ति. 'तू'ला स, 'आम्ही'ला म, 'ते'ला न. इथला विसर्ग मुळात 'स्'च आहे हे लक्षात घेतलं तर 'वदामस्' आणि 'आब्लामोस' यांचे शेवट किती जवळ येतात! हा योगायोग नाही. स्पॅनिश लॅटिनपासून आली, आणि लॅटिन व संस्कृत एकाच प्राचीन कुळातल्या. हे प्रत्यय दोघींनी त्या कुळातून वारशानं आणले आहेत. ज्या मुलांनी धातुरूपं घोकताना 'याचा पुढे उपयोग काय?' असं विचारलं होतं, त्यांना मला हे उत्तर आवर्जून द्यावंसं वाटतं.

प्रत्ययातच माणूस असल्यामुळे 'मी'साठीचा 'यो' हा शब्द प्रत्येक वाक्यात लागत नाही. इंग्रजीची सवय असलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्याला 'यो' लावतो आणि ऐकणाऱ्याला ते 'मी जातो, मी खातो, मी झोपतो' असं सारखं मी-मी केल्यासारखं वाटतं. मराठीत जिथे आपण मुद्दाम 'मी' म्हणू ('तो नाही, मी जातो'), तिथेच 'यो' म्हणायचं.

एका बाबतीत स्पॅनिश मराठीपेक्षा सोपी आहे. बोलतो की बोलते, हा प्रश्न तिथे नाही. बाई आणि पुरुष दोघंही 'आब्लो'च म्हणतात. विशेषणात मात्र लिंग दिसतं: 'मी दमलो' हे एस्तोय कान्सादो आणि 'मी दमले' हे एस्तोय कान्सादा.

'पण अनियमित क्रियापदं किती आहेत!' ही तक्रार नेहमी येते. आहेत, आणि नेमकी रोज लागणारीच आहेत. 'ईर' म्हणजे जाणे. त्याचं 'मी जातो' होतं बोय, आणि 'मी गेलो' होतं फुई. धातू पार हरवला. पण आपण तरी 'जा'चा भूतकाळ 'जालो' करतो का? 'गेलो' म्हणतो. 'कर'चं 'करलं' नाही, 'केलं'. सतत वापरात असलेली क्रियापदं लहानपणी इतक्या वेळा कानावर पडतात की त्यांची जुनी, वाकडी रूपं टिकून राहतात. क्वचित लागणारी क्रियापदं आठवणीवर जगू शकत नाहीत, त्यांना नियमाचाच आधार घ्यावा लागतो.

आदरार्थी रूप पाहिलं की मला नेहमी नवल वाटतं. 'तू'च्या जागी मान द्यायचा तर 'उस्तेद' म्हणतात, आणि क्रियापद मात्र 'तो'चं लावतात: 'उस्तेद आब्ला'. असं का? 'उस्तेद' हा 'बुएस्त्रा मेर्सेद' या दोन शब्दांचा झिजून झालेला शब्द आहे. त्याचा अर्थ साधारण 'आपली कृपा'. समोरच्याला थेट न संबोधता त्याच्या कृपेशी बोलायचं, म्हणून क्रियापद तिसऱ्या पुरुषात. 'साहेब चहा घेणार का?' असं साहेबांनाच विचारताना आपण हेच करतो.

'आहे'साठी दोन क्रियापदं: सेर आणि एस्तार

मराठीतल्या एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. बहुतेक पुस्तकं सांगतात की कायमचं असेल तर 'सेर' आणि तात्पुरतं असेल तर 'एस्तार'. हा नियम विसरून जा. मरणाहून कायमचं काय असतं? तरी 'तो मेलेला आहे' हे 'एस्ता मुएर्तो' होतं, म्हणजे एस्तार. आणि विद्यार्थी काही जन्मभर विद्यार्थी नसतो, तरी 'मी विद्यार्थी आहे' हे 'सोय एस्तुदियान्ते', म्हणजे सेर.

याहून चांगली खूण आपल्या घरातच आहे. 'एस्तार' ज्या लॅटिन धातूपासून आलं तो आणि संस्कृतातला 'स्था' हे सख्खे भाऊ आहेत. म्हणून 'एस्तार' म्हटलं की स्थिती आणि स्थान हे दोन शब्द आठवायचे. कोणी कुठे आहे? स्थान, म्हणून एस्तार. दमलाय, आजारी आहे, दार उघडं आहे, मेला आहे? स्थिती, म्हणून एस्तार. आणि 'सेर'च्या 'एस' या रूपामागे संस्कृतातल्या 'अस्ति'चा नातलग उभा आहे. कोणी कोण आहे, काय आहे, कशाचा बनलेला आहे हे 'सेर' सांगतं.

म्हणून 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे, आणि 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. 'एस आबुर्रीदो' म्हणजे माणूसच कंटाळवाणा. 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे त्याला कंटाळा आलाय. चुकीचं क्रियापद वापरून कुणाचं मन दुखावू नये, यासाठी तरी हा फरक पक्का हवा.

एक अपवाद इथेच सांगतो. घर कुठे आहे याला एस्तार लागतं, पण समारंभ कुठे आहे याला सेर लागतं. घर एका जागी स्थित असतं, समारंभ घडतो.

'गेलो' आणि 'जायचो'

भूतकाळाची दोन रूपं हा इंग्रजीतून येणाऱ्यांना सगळ्यात अवघड वाटणारा भाग. मराठी माणसाला तो अवघड वाटायचं काही कारण नाही.

'लहानपणी आम्ही नदीवर जायचो. एकदा आम्ही रात्री गेलो.' यातला 'जायचो' आणि 'गेलो' यांतला फरक कुठल्याही मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. 'जायचो' म्हणजे ईबामोस, 'गेलो' म्हणजे फुईमोस. 'पाऊस पडत होता, तेवढ्यात फोन वाजला.' पडत होता, योबीया, वाजला, सोनो. एक रूप मागचा पडदा रंगवतं, दुसरं घटना पुढे नेतं. मनात 'करायचो' किंवा 'करत होतो' उमटलं तर पहिलं रूप, 'केलं' उमटलं तर दुसरं. पहिल्या रूपाची आणखी एक मेहेरबानी म्हणजे त्यात फक्त ३ क्रियापदं अनियमित आहेत: असणे (सेर), जाणे (ईर) आणि पाहणे (बेर).

काही क्रियापदांचा तर रूप बदललं की अर्थच बदलतो असं पुस्तकं सांगतात. 'साबीया' म्हणजे मला माहीत होतं; 'सूपे' म्हणजे मला कळलं. 'कोनोसीया' म्हणजे मी त्यांना ओळखायचो; 'कोनोसी' म्हणजे माझी त्यांच्याशी ओळख झाली. मराठीत यासाठी वेगळे शब्द तयारच आहेत, त्यामुळे अर्थ बदलल्याचं आश्चर्यसुद्धा वाटत नाही. ज्ञानासाठी स्पॅनिश 'साबेर' आणि ओळखीसाठी 'कोनोसेर' वापरते. इंग्रजी या दोन्हींना एकाच शब्दात कोंबते. आपण 'मला रस्ता माहीत आहे' आणि 'मी तिला ओळखतो' असं वेगळंच म्हणतो. त्यातही 'साबेर'चा पल्ला थोडा मोठा आहे: 'से नादार' म्हणजे 'मला पोहता येतं'.

'यावं' आणि 'येवो'

आता ज्या रूपाचं नाव ऐकूनच लोक शिकणं सोडतात, ते. इंग्रजीतून शिकवताना त्याला 'सबजंक्टिव्ह' असं भारी नाव दिलं जातं आणि इंग्रजीत ते जवळजवळ संपलेलं असल्यामुळे उदाहरणही धड देता येत नाही. मराठी शाळेत आपण त्याच्या जवळच्या रूपाला विध्यर्थ म्हणतो: यावं, करावं, जावं. आणि आशीर्वाद देताना येवो, होवो, लाभो.

'तू येतोस' ही घडणारी गोष्ट: बिएनेस. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे', यात येणं अजून कुणाच्या तरी मनात आहे: किएरो के बेंगास. इच्छा, शंका, भीती, विनंती यांच्या सावलीत असलेलं क्रियापद हे रूप घेतं. 'तो येतोय असं मला वाटतं' यात सांगणाऱ्याला खात्री आहे, म्हणून साधं रूप. 'तो येईल असं मला वाटत नाही' यात शंका, म्हणून बेंगा.

रूप करायचं कसं? शेवटचा स्वर बदलून. 'आर'वाल्या क्रियापदांच्या शेवटी 'ए' येतो, आणि 'एर'-'ईर'वाल्यांच्या शेवटी 'आ'. 'बिबीर' म्हणजे जगणे. 'बीबे' म्हणजे तो जगतो. 'बीबा' म्हणजे जगो, चिरायू होवो. घोषणांमध्ये आपण 'विवा' म्हणून ऐकतो तो हाच शब्द. म्हणजे या रूपाशी आपली ओळख पहिल्या धड्याच्या आधीच झालेली असते.

'ओखाला' हा शब्दही इथेच शिकून घ्यावा. अरबीतल्या 'ईश्वराची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या शब्दांवरून तो आला. 'ओखाला युएबा' म्हणजे 'पाऊस पडो'. या एका 'पडो'त त्या भारी नावाच्या रूपाचा सगळा आत्मा आहे.

'तो आला की सांगतो' या वाक्याकडेही नीट पाहा. 'आला' दिसायला भूतकाळ, पण माणूस अजून यायचाच आहे. न घडलेल्या गोष्टीला साधा भविष्यकाळ लावायला मराठी इथे कचरते. स्पॅनिशही कचरते आणि 'कुआन्दो बेंगा' म्हणते. उपाय वेगळा असला तरी संकोच दोघींचा एकच.

आवडणाऱ्या वस्तूच्या हाती क्रियापद

'मे गुस्ता एल लिब्रो' म्हणजे 'मला पुस्तक आवडतं'. 'मे गुस्तान लोस लिब्रोस' म्हणजे 'मला पुस्तकं आवडतात'. आवडणारी वस्तू एक असेल तर क्रियापद एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी, आणि 'मला' बाजूला तसाच. इंग्रजीतून जाणाऱ्याला हे वाक्य डोक्यावर उभं केल्यासारखं वाटतं. आपल्याला नुसतं वाचायचं आहे. 'मे पारेसे' म्हणजे 'मला वाटतं', तोच साचा.

त्याहून सुंदर जोडी पुढची. मराठीत 'माणूस दिसला' आणि 'घर दिसलं' यांत काही फरक नाही, पण 'मी घर पाहिलं' आणि 'मी मारीयाला पाहिलं' यांत आहे. निर्जीव वस्तूला 'ला' लागत नाही, माणसाला लागतो. स्पॅनिशमध्ये 'बेओ ला कासा' म्हणजे 'मी घर पाहतो', पण 'बेओ आ मारीया' म्हणजे 'मी मारीयाला पाहतो'. हा 'आ' म्हणजे आपला 'ला'. इंग्रजी पुस्तकात या 'आ'वर मोठा धडा असतो. मराठी वाचकाला एक ओळ पुरते.

मग ही सर्वनामं कुठे बसवायची?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. 'मे, ते, लो, ला, ले, नोस' ही सर्वनामं स्वतःच्या पायावर उभी राहणारी नाहीत. मराठीतल्या 'च'सारखी आहेत. 'कोण आलं?' याला 'मीच' असं उत्तर देता येतं, नुसतं 'च' म्हणता येत नाही. तसंच 'कुणाला पाहिलंस?' याला नुसतं 'लो' हे उत्तर होत नाही. त्यांना टेकायला क्रियापद लागतं. प्रश्न एवढाच की डावीकडून टेकायचं की उजवीकडून.

ज्या क्रियापदात माणूस आणि काळ ठरलेला आहे, त्याच्या आधी बसायचं: लो बेओ, मी त्याला पाहतो. नकार असला तर 'नो' त्याच्याही आधी: नो लो बेओ. सर्वनाम आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरं काहीही घुसू शकत नाही. हा मराठीचाच क्रम आहे: त्याला पाहतो.

ज्या रूपात माणूस ठरलेला नाही, म्हणजे आपलं 'पाहणं, पाहायला' किंवा 'पाहत', त्याला मागून चिकटायचं: बेरलो, ब्येंदोलो. होकारार्थी आज्ञेलाही मागून: दामेलो.

दोन क्रियापदं एकत्र आली तर तुमची मर्जी. 'मला ते पाहायचं आहे' हे 'लो किएरो बेर' असंही चालतं आणि 'किएरो बेरलो' असंही. पहिल्याच्या आधी किंवा दुसऱ्याच्या शेवटी. मध्ये सुटं ठेवलं तर मात्र चूक.

'पण नकारार्थी आज्ञेत ते पुन्हा आधी का जातं?' हा प्रश्न योग्य आहे, आणि मराठीत बघितलं की त्याची धार कमी होते. 'दे'चा नकार आपण 'नको दे' असा करत नाही. 'देऊ नकोस' म्हणतो. नकार आला की आज्ञेचं रूपच निघून जातं. स्पॅनिशमध्येही 'दा' हे रूप निघून जातं आणि त्या जागी विध्यर्थाचं 'देस' येतं. 'देस'मध्ये तर 'तू'चा 'स' स्पष्ट ऐकू येतो. माणूस ठरलेलं क्रियापद आलं, म्हणून सर्वनाम आधी: नो मे लो देस. इथे चाणाक्ष वाचक विचारेल की 'उस्तेद'ला होकारार्थी आज्ञा करताना विध्यर्थाचंच रूप वापरतात, तरी 'देमेलो' असं मागून का चिकटतं? बरोबर आहे, तिथे माझं स्पष्टीकरण अपुरं पडतं. होकारार्थी आज्ञा असली की रूप कुठलंही असो, मागूनच चिकटवायचं, एवढं लक्षात ठेवावं लागतं. खरं तर ही शिस्त फार जुनीही नाही; जुन्या साहित्यात 'मला म्हणाला' हे 'दीखोमे' असं मागून चिकटवलेलं सापडतं. आज ते 'मे दीखो' आहे.

दोन सर्वनामं एकत्र आली तर 'मला' आधी, 'ते' नंतर. याचा क्रम पाठ करायची गरज नाही, तो आपल्या जिभेवर आहेच. एक खास गोष्ट मात्र आहे. 'त्याला' म्हणजे 'ले', 'ते' म्हणजे 'लो', पण 'ले लो' असं कधीच म्हणत नाहीत. 'ले'चं 'से' होतं: से लो दोय, मी त्याला ते देतो. कानाला बरं वाटावं म्हणून असं झालं असं सर्रास सांगितलं जातं. पण जुन्या स्पॅनिशमध्ये तिथे 'झे लो'च्या जवळचा उच्चार होता, आणि पुढे त्यातला पहिला शब्द आधीपासून भाषेत असलेल्या 'से'मध्ये मिसळून गेला.

फसवे शब्द

फसवा शब्द म्हणजे दोन भाषांत सारखाच दिसणारा, पण अर्थ वेगळा असलेला शब्द. याचा अनुभव आपल्याला हिंदीमुळे आहे. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीतली शिक्षा भोगावी लागते. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. हे सगळे शब्द संस्कृतातूनच आले, पण दोन घरांत वाढताना त्यांचे स्वभाव बदलले. इंग्रजी आणि स्पॅनिश यांनी लॅटिनमधून घेतलेल्या शब्दांचं तेच झालं.

'एक्सितो' ऐकून इंग्रजीतला 'एक्झिट' आठवतो. अर्थ आहे यश. लॅटिनमधला मूळ शब्द 'बाहेर पडणं' आणि 'निष्पत्ती' असे दोन्ही अर्थ देत होता. इंग्रजीनं दरवाजा घेतला, स्पॅनिशनं चांगली निष्पत्ती. मग 'सुसेसो' म्हणजे 'सक्सेस' असेल? नाही, तो म्हणजे घटना. 'कोन्स्तिपादो' म्हणजे स्पेनमध्ये सर्दी झालेला, बद्धकोष्ठ झालेला नव्हे; मूळ अर्थ गच्च भरणं, इथे नाक भरलंय. 'आक्तुआल्मेंते' म्हणजे 'खरं तर' नाही, 'सध्या'. 'लिब्रेरिया' हे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय म्हणजे बिब्लिओतेका. 'आसिस्तीर' म्हणजे बहुतेक वेळा हजर राहणं. 'लार्गो' म्हणजे मोठा नाही, लांब. 'सेन्सिब्ले' म्हणजे हळवा. 'मोलेस्तार' म्हणजे नुसता त्रास देणं. त्याला इंग्रजी शब्दाचा भयंकर अर्थ चिकटवू नका. आणि सगळ्यात प्रसिद्ध 'एंबारासादा', म्हणजे गरोदर. लाज वाटली हे सांगायला तो वापरला तर ऐकणारा अभिनंदन करेल.

मराठी माणसासाठी आणखी एक छोटा सापळा आहे, आणि तो स्पॅनिश पुस्तकांत मिळणार नाही. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि मराठीत पोर्तुगीजमधून आलेले शब्द आहेत. 'पगार' हा त्यातला. स्पॅनिशमध्ये 'पगार'सारखा ऐकू येणारा 'पागार' आहे, पण ते क्रियापद आहे: पैसे देणे. 'बाताता' म्हणजे बटाटा नव्हे, रताळं. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात. शिवाय 'कासा' म्हणजे घर, 'माला' म्हणजे वाईट. हे शेवटचे दोन शब्द मराठी शब्दांशी नुसते कानाला सारखे, नात्यातले नाहीत.

मराठी कुठे साथ सोडते?

मराठीच्या प्रेमापोटी मी तिच्यामुळे होणाऱ्या चुका लपवणार नाही. 'पुस्तक घेतलंस का?' 'हो, घेतलं.' उत्तरात 'ते' आपण गाळतो आणि ते कुणाला खटकत नाही. स्पॅनिशमध्ये 'लो' गाळता येत नाही: सी, लो कोम्प्रे. मराठी विद्यार्थ्याची सगळ्यात चिवट चूक हीच, आणि इंग्रजीची सवय इथे आपल्याला उलट मदत करते.

भूतकाळात आपण 'मी पत्र लिहिलं, मी पत्रं लिहिली' असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलतो. स्पॅनिश तसं करत नाही, तिथलं क्रियापद नेहमी कर्त्याचंच ऐकतं. 'ले दि एल लिब्रो आ मारीया' या वाक्यात 'मारीयाला' असूनही 'ले' म्हणजे 'तिला' पुन्हा येतं. आपल्याला ते फाजील वाटतं, त्यांना नैसर्गिक. आणि जोर. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये 'आब्लो'च्या 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्या 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. माणूस आणि काळ दोन्ही एका जोरात बदलतात. 'दामेलो'च्या लिखाणात 'दा'वर जी तिरपी खूण देतात ती याचसाठी: मागे दोन डबे जोडले तरी जोर मूळ इंजिनावरच आहे, हे दाखवायला. लिहिताना ही खूण गाळण्याची सवय लागू देऊ नका.

'प्रत्येक देशात स्पॅनिश वेगळी, मग शिकायची कुठली?' असंही विचारलं जातं. अर्जेंटिनात आणि उरुग्वेत 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात आणि 'आब्लास'चा जोर शेवटी नेतात. 'तुम्ही सगळे'साठी स्पेनमध्ये मित्रांना 'बोसोत्रोस' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना 'उस्तेदेस'. स्पेनच्या मोठ्या भागात पुरुषाला 'लो'ऐवजी 'ले' म्हणतात, आणि १७१३ साली स्थापन झालेली तिथली शाही भाषा अकादमीही ते एकवचनात मान्य करते. ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांची बोली धरा. बाकीची कानाला आपोआप सवय होते.

आणि हे सगळं एका वाक्यात पाहायचं असेल तर पेला फुटण्याची वाट पाहावी लागेल. 'मी पेला पाडला' असं आपण क्वचितच म्हणतो. 'माझ्या हातून पेला पडला' असं म्हणतो. पडण्याचं काम पेल्यानं केलं, आपण फक्त तिथे होतो. स्पॅनिश माणूसही तेच म्हणतो: 'से मे कायो एल बासो'. क्रियापद पेल्याचं, सर्वनामं क्रियापदाच्या आधी, घडून गेलेली घटना म्हणून 'पडला'चं रूप, शेवटच्या अक्षरावर जोर, आणि मध्ये तो छोटासा 'मे', माझ्या हातून.